ग्राउंडवर्क : दहा मिनिटांची शिकवणी आणि दोर नेमका कधी सोडायचा

पंचकल्याणी

पाठीवर न बसता, घोड्याशेजारी उभं राहून जे शिकवलं जातं ते ग्राउंडवर्क. 'थांब' म्हटल्यावर थांबणं, दोर न ताणता बरोबरीने चालणं, मागे सरकणं, पुठ्ठा (मागच्या पायांवरचा भाग) बाजूला घेणं, मान खाली आणणं, एका जागी उभं राहणं. यावर इथे बरंच लिहून झालंय, पण ते दहा ठिकाणी विखुरलंय. म्हणून हा वेगळा धागा. सुरुवात मी करून देते, चुकेल तिथे जाणकारांनी कान पकडावा.

आधी सामान. मोरकी (डोक्यात अडकवायची, दोर जोडायची) पट्ट्याची चालेल. नाकावरचा पट्टा गालाचं पुढे आलेलं हाड संपतं त्याच्या साधारण दोन बोटं खाली यावा आणि पट्टा नि नाक यांच्यामध्ये दोन बोटं सहज जावीत. त्याहून खाली बसला तर तो नाकाच्या हाडाच्या पातळ टोकावर येतो. तिथे थोडा दाबही दुखतो. दोर साडेतीन ते चार मीटर लांब, १२ ते १४ मिमी जाड. दोन मीटरचा दोर नको, कारण घोडा दचकून उडाला तर तुम्हाला बाजूला व्हायला जागाच उरत नाही. हातमोजे, जाड बूट आणि हेल्मेट. जमिनीवर असताना हेल्मेट कशाला, असं विचारणाऱ्यांनी घोड्याच्या मागच्या खुराची उंची आणि वाकलेल्या माणसाच्या डोक्याची उंची एकदा ताडून बघावी. लांब चाबूक ११० ते १२० सेमीचा, मारायला नाही, हाताची लांबी वाढवायला. खाऊसाठी कमरेला पिशवी, आणि तिचं तोंड बंद होणारं हवं.

जागा कुंपणाची, न घसरणारी, १५ ते २० मीटर लांबीरुंदीची. दुसरा घोडा दिसेल अशी असेल तर उत्तम. एकटा पडलेला घोडा शिकत नसतो, कळप शोधत असतो.

एक सत्र ५ ते १० मिनिटांचं. शिंगरासाठी ३ मिनिटं पुष्कळ झाली. सत्रात नवी गोष्ट एकच. तीन-चार वेळा विचारायचं, मग अर्धा मिनिट काहीच करायचं नाही. शेवट घोड्याला येत असलेल्या सोप्या गोष्टीवर.

आता मुख्य मुद्दा. दोराचा किंवा बोटाचा दाब म्हणजे नुसता प्रश्न. घोडा शिकतो तो दाब सुटतो त्या क्षणी, आणि त्या क्षणी तो जे करत असेल तेच शिकतो. तुम्ही मागे सरकायला सांगत होतात, त्याने मान झटकली, तुमचा हात सैल पडला. झालं, तुम्ही मान झटकायला शिकवलंत. सत्र छोटं ठेवायचं कारणही हेच. घोड्याआधी माणसाचं लक्ष ढळतं. बाराव्या मिनिटाला दोर अर्धा सेकंद उशिरा सुटायला लागतो आणि तिथून पुढे सगळी शिकवणी उलटी फिरते.

कुमैत

चांगला धागा. वेळेबद्दल भर घालतो.

दाब सोडायचा तो हालचाल सुरू होताच, पूर्ण झाल्यावर नाही. मागे सरकणं शिकवताना पहिलं बरोबर उत्तर म्हणजे पाऊल नव्हे, वजन मागे झुकणं. छातीचे स्नायू किंचित मागे जातात, पुढचा एक गुडघा ढिला पडतो. तेवढं दिसलं की दोर सैल. पाऊल पडेपर्यंत धरून ठेवलंत तर त्याच्या दृष्टीने बरोबर उत्तर देऊनही दाब तसाच राहिला, मग तो दुसरं काहीतरी करून बघतो. मान वर, तिरकं सरकणं, तुमच्या अंगावर येणं.

खाऊ देणाऱ्यांची अडचण वेगळी. हात पिशवीत जाऊन खाऊ तोंडाशी येईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात, तोवर घोडा दुसरंच काहीतरी करत असतो. म्हणून मध्ये एक खूण लागते : क्लिकर (दाबला की 'क्लिक' वाजणारी छोटी डबी), किंवा एखादा छोटा ठरलेला शब्द. खूण त्या क्षणी, खाऊ मागाहून. शब्द असा निवडा जो एरवी बोलण्यात येत नाही. 'हां', 'शाबास' हे दिवसभर कुणा ना कुणाशी बोलताना येतात. जिभेने 'टक्' करणंही टाळा, कारण बहुतेक घोड्यांना त्याचा अर्थ 'चल' असा माहीत असतो. उभं राहिल्याबद्दल 'टक्' केलंत तर तो चालू लागेल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

खुणेला अर्थ यावा म्हणून सुरुवातीला काहीही न मागता खूण-खाऊ, खूण-खाऊ असं १० ते २० वेळा. खूण ऐकून त्याचे कान तुमच्याकडे वळायला लागले की समजलं.

अबलख

खाऊ देऊन शिकवलं की घोडा खिसे हुंगायला लागतो, मग चावायला लागतो. म्हणून आमच्याकडे सरसकट खाऊ बंद आहे. दाब आणि सैल, एवढ्यावर सगळं होतं. खाऊ हवाच कशाला?

कुमैत

@अबलख, चावणं खाऊमुळे येत नाही, तो कुठे आणि कधी दिला त्यामुळे येतं. घोड्याचं तोंड पिशवीपाशी असताना दिलात तर पिशवीपाशी तोंड नेणं पक्कं होतं. वर पंचकल्याणी यांनी दोराबद्दल सांगितलं त्याचंच हे दुसरं रूप.

म्हणून खाऊवर शिकवताना पहिला धडा तोंड बाजूला ठेवण्याचा, बाकी सगळं त्यानंतर. कुंपणाच्या पलीकडे उभं राहा. खाऊ असलेली मूठ बंद, शरीराजवळ. घोडा हुंगेल, ओठांनी चाळवेल. हलायचं नाही, हात मागेही घ्यायचा नाही, ओरडायचं नाही. ज्या क्षणी नाक अगदी दोन सेंटिमीटर बाजूला जाईल त्या क्षणी खूण, आणि मग हात पूर्ण लांब करून खाऊ त्याच्या छातीच्या मधल्या रेषेत, तुमच्यापासून दूर. तळवा सपाट, अंगठा चिकटलेला. दोन मिनिटांत अशा १०-१५ आवृत्त्या होतात. पहिल्या दिवशी मधेच एकदा तो नेहमीपेक्षा जोरात हुंगेल, ढकलेलही. जुनी युक्ती चालेनाशी झाली की आधी ती जोरात करून बघितली जाते. त्या वेळी खाऊ सुटला तर जोरात ढकललं की मिळतं, हे तो शिकला.

तीन-चार दिवसांत पिशवी दिसली की मान सरळ ठेवून उभा राहायला लागतो. तोवर कुंपण ओलांडू नका.

खरारा

खाऊचं प्रमाण सांगून टाकतो, नाहीतर दहा मिनिटांत अर्धा किलो गाजर संपतं. तुकडा नखाएवढा, एका सत्राला २५ ते ३०. सगळं मिळून १०० ग्रॅमच्या आत. गाजर असेल तर उभ्या बारीक फाका करून तोडायच्या. गोल जाड चकत्या घाईने गिळल्या तर अन्ननलिकेत अडकतात, आणि घोड्याला उलटी करून ते बाहेर टाकता येत नाही. सुक्या गवताच्या गोळ्याही तशाच, सुक्या आणि कडक असतील तर थोड्या भिजवून. खुरांचा दाह झालेल्या किंवा साखरेचा त्रास असलेल्या घोड्याला गाजर, सफरचंद, गूळ काहीच नको. मूठभर सुकं गवत चिमटीचिमटीने दिलं तरी काम होतं. उपाशी घोड्याला खाऊवर शिकवू नये, तो वेडापिसा होतो. आधी तासभर चारा खाऊ द्या.

खाऊ द्यायचाच नसेल तर आणखी एक बक्षीस आहे : मानेचं मूळ जिथे पाठीला मिळतं, त्या उंचवट्याच्या पुढे बोटांनी खाजवणं. घोडे एकमेकांना दातांनी नेमकं तिथेच खाजवतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी झालेले आढळले. मानेवर थोपटण्याचं तसं नाही. थापटी आपल्याला बरी वाटते, घोड्याला ती शिकवल्याशिवाय बक्षीस वाटत नाही. वरचा ओठ लांब होऊन हलायला लागला की जागा बरोबर सापडली.

रिकीब

अबलख यांच्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने. दाब आणि सैल हे रोजच्या वापरात सुटणारच नाही, कारण मोरकी आणि दोर म्हणजेच दाब. खाऊ त्याला जोडला की घोडा स्वतःहून प्रयत्न करतो, एवढाच फरक. दोन्ही एकत्र वापरता येतं : दोर सैल, त्याच क्षणी खूण, मग खाऊ. मात्र दाब वाढवत नेऊन, घोडा घाबरलेला असताना वर खाऊ कोंबायचा, याला काही अर्थ नाही. घाबरलेला घोडा बहुधा खातच नाही, किंवा हिसकावून खातो. खाण्याची पद्धत बदलली की तिथेच थांबा. एरवी ओठांनी उचलणारा घोडा दात लावायला लागला तर तो आतून तापलाय.

पंचकल्याणी

आता एकेक कौशल्य घेऊ. कोणत्या क्रमाने शिकवायचं यावर मतं निराळी असतील. माझा क्रम असा : मान खाली, मागे एक पाऊल, पुठ्ठा बाजूला, मग खांदा. खांदा मुद्दाम शेवटी.

मान खाली : मोरकीच्या कडीखाली दोर धरायचा, हाताचं नुसतं वजन टाकायचं. दोनशे-तीनशे ग्रॅम, जास्त नाही. खेचायचं नाही. मोरकीचा पट्टा कानांमागे दाबला जातो, आणि जोरात दाबलं तर घोडा स्वभावतःच दाबाच्या विरुद्ध, म्हणजे वर जातो. हलकं वजन टाकून वाट बघा. पंधरा सेकंद, वीस सेकंद. कधीतरी तो कंटाळून एक सेंटिमीटर खाली येतो. सोडा. पुन्हा. पाच-सहा वेळांत तो एक सेंटिमीटर वितभर होतो. नाक गुडघ्याच्या उंचीला येण्याची घाई नको, तिथे पोचायला आठवडा लागला तरी ठीक.

मागे सरकणं : तोंडासमोर सरळ उभं राहू नका. थोडं डावीकडे, त्याच्या डोळ्याला दिसाल असं. घोड्याला नाकाच्या अगदी समोर कपाळाजवळचा भाग दिसत नाही, शेपटीच्या सरळ मागचाही दिसत नाही. बाकी जवळजवळ ३५० अंश दिसतं. दोर हनुवटीखाली धरून छातीच्या दिशेने हलका दाब, वजन मागे गेलं की सैल. दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात एक पाऊल, नंतर दोन. तिरक्या जोडीने पाय उचलले, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, तर हालचाल बरोबर. पाय ओढत, मान वर, पाठ खचलेली असेल तर दाब जास्त होतोय किंवा पावलं जास्त मागितली जाताहेत. चार पावलांपलीकडे सुरुवातीला जाऊच नये.

दुडकी

मागे सरकताना घोडा दर वेळी उजवीकडे तिरका होतो. पुठ्ठा उजवीकडे जातो आणि मग कुंपणाला लागतो. काय चुकत असेल?

कुमैत

@दुडकी, तुम्ही डावीकडे उभ्या आणि दोर डाव्या बाजूने येतो ना? मग दाब मागे न जाता नाक तुमच्याकडे वळवतोय. नाक डावीकडे आलं की पुठ्ठा उजवीकडे जाणारच. दोर धरलेला हात त्याच्या छातीच्या मधोमध आणा. आठवडाभर उजव्या बाजूला कुंपण ठेवून शिकवा, म्हणजे तिरकं व्हायला जागाच नाही. मग बाजू बदलून बघा. उजवीकडून शिकवतानाही तो उजवीकडेच गेला तर मात्र दोर सोडा आणि मागचे पाय, पाठ तपासून घ्या. एका बाजूचं पाऊल टाकायला दुखत असेल तर घोडा तसंच करतो.

पंचकल्याणी

पुठ्ठा बाजूला घेणं. हे नीट वाचा, इथेच लाथ बसते.

उभं राहायचं ते खांद्यापाशी, पुठ्ठ्यापाशी नाही. एका हाताने दोर असा धरा की घोड्याचं नाक किंचित तुमच्याकडे येईल. तोंड तुमच्याकडे असलेला घोडा त्याच वेळी तुमच्याकडे पुठ्ठा फिरवू शकत नाही. दुसऱ्या हाताची बोटं तंगाच्या (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) जागेमागे वीतभर अंतरावर. आधी नुसती केसांना लागतील इतकी, दोन-तीन सेकंद. मग कातडीला, मग स्नायूला. दाब पायरीपायरीने वाढतो, पण सुटतो एकदम. जवळचा मागचा पाय उचलून दुसऱ्या पायाच्या पुढून ओलांडला की हात काढा. मागून ओलांडला किंवा नुसता सरकला तर तो पुढे जाण्याऐवजी मागे सरकतोय. नाक थोडं कमी वळवा.

बोटं टोचत राहायची नाहीत. सारखं टोचलं तर घोडा माशी समजून कातडी थरथरवतो आणि विषय संपतो.

खांदा : घोड्याच्या एकूण वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून पुढचा भाग हलवणं कठीण. आधी वजन मागे पाठवा (म्हणूनच मागे सरकणं आधी), आणि भार मागे आहे तेवढ्यात मानेच्या मध्यावर आणि खांद्यावर दोन हातांनी दाब. घोडा पुढे चालायला लागला तर भार मागे गेलाच नव्हता. आठवडाभर एकाच पावलावर समाधान मानावं लागेल.

अबलख

डाव्या बाजूने सगळं पक्कं झालं की उजव्या बाजूने परत शून्यापासून का? घोड्याचे दोन मेंदू असतात, एका डोळ्याने पाहिलेलं दुसऱ्याला कळत नाही, असं ऐकलंय.

खरारा

हा जुना गैरसमज. घोड्याच्या मेंदूचे दोन्ही भाग जोडलेले आहेत, आणि एका डोळ्याने शिकलेलं दुसऱ्या डोळ्याने ओळखता येतं हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दाखवलं गेलंय. तरी उजवीकडून वेगळं शिकवावं लागतं ते दुसऱ्याच कारणांनी. उजवीकडून तुमचा दोराचा हात बदलतो, उभं राहण्याचा कोन बदलतो, बहुतेक माणसं त्या बाजूने स्वतःच अवघडलेली असतात. आणि घोड्याला आयुष्यभर डावीकडून हाताळलेलं असतं. शून्यापासून नाही, पण अर्ध्यापासून धरून चाला. आवृत्त्यांचा हिशेब असा : डावीकडे तीन, उजवीकडे चार.

दुडकी

आणि ओठ चाटणं, चघळणं? कुठल्याही व्हिडिओत 'बघा, समजलं त्याला' असं म्हणतात.

रिकीब

ताण असताना तोंड कोरडं पडतं. ताण ओसरला की लाळ सुटते आणि मग चाटणं, चघळणं. म्हणजे 'समजलं' असा अर्थ नाही, 'आत्तापर्यंत ताण होता, आता कमी झाला' असा. दर आवृत्तीनंतर चघळत असेल तर दर आवृत्तीला ताण येतोय. तेव्हा खूश होण्याआधी दाब कमी करा.

गोल आखाड्यात घोड्याला पळवत ठेवून, तो चघळायला लागला की 'जुळलं' म्हणायचं, त्याचीही हीच गत. त्यातले बरेचसे घोडे दमून थांबलेले असतात. हे माझं मत, वाद घालायला वेगळा धागा काढू.

ताण बघायचा असेल तर डोळ्यावरच्या सुरकुत्या बघा. वरची पापणी त्रिकोणी होते, हनुवटी आवळते, नाकपुड्या लांबट होतात, शेपटी जोरात आपटली जाते. पातळ शेण वारंवार पडायला लागलं की सत्र संपलं.

स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. जबड्याच्या खालच्या कडेला बोटाखाली शीर लागते. सत्राआधी एकदा, सत्रानंतर एकदा मोजायची सवय लावा. चालण्यापलीकडे काहीच केलेलं नसताना नाडी ६०-७० असेल तर ती श्रमाची नाही.

सावकाश_चाल

धाग्यात 'किती दिवसांनी किती सत्रं' हे राहिलं. रोज केलंच पाहिजे असं नाही. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तट्टांना छोटा अडथळा ओलांडणं आणि इशाऱ्यावर मागे सरकणं शिकवलं होतं. आठवड्यातून एकदाच सराव मिळालेली तट्टं रोज सराव मिळालेल्यांपेक्षा कमी सत्रांत शिकली. एकूण दिवस अर्थात जास्त लागले. तेव्हा तीन दिवस हातात नसतील तर शिकलेलं वाहून जातं, ही भीती नको. आठवड्याला तीन-चार दिवस, दिवसाला दहा मिनिटं, एवढ्यावर छान चालतं.

पुढची पायरी कधी? दहापैकी आठ वेळा बरोबर आलं तर वाढवा. पाचाच्या खाली आलं तर एक पायरी मागे या. आणि वाढवताना एकच गोष्ट वाढवा. उभं राहण्याचा वेळ वाढवत असाल तर तुम्ही जवळच राहा. लांब जात असाल तर वेळ कमी करा. बाजूने दुसरा घोडा जात असेल तर दोन्ही कमी. एक वही ठेवा : तारीख, काय विचारलं, दहापैकी किती, कुठे थांबलो. आठवणीवर विसंबलं तर दर वेळी 'काल तर येत होतं' असंच वाटतं.

उभं राहण्याचे सेकंद चढत्या क्रमाने नेऊ नका. १, ३, २, ५, ३, ८, २, १० असे. सतत कठीणच होत गेलं तर घोडा आठव्या सेकंदाला निघून जायला शिकतो.

कुमैत

सावकाश_चाल यांना +१, वहीबद्दल विशेष. त्यात स्वतःबद्दलही एक रकाना ठेवा.

बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा बेरजा करतो अशी ख्याती होती. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासलं तेव्हा कळलं की हान्स टाप आपटत राहायचा आणि बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं, त्यावर तो थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःला याचा पत्ता नव्हता. आपल्या ग्राउंडवर्कमध्ये रोज हेच घडतं. तुम्ही म्हणता घोड्याला 'मागे' हा शब्द येतो. हात पाठीमागे बांधा, सरळ उभं राहा, श्वासही तसाच ठेवा आणि नुसता शब्द म्हणा. बहुतेक घोडे ढिम्म उभे राहतात. त्यांना शब्द आलेलाच नसतो, तुमचा पुढे आलेला खांदा आलेला असतो. शब्द शिकवायचा असेल तर शब्द आधी, एक सेकंद थांबून मग खांदा. दोन्ही एकदम केलंत तर घोडा शरीराकडे बघतो आणि शब्द सोडून देतो.

अबलख

काठीच्या टोकाला लाल चेंडू लावून लक्ष्याला नाक लावायला शिकवायला घेतलंय. हिरवळीवर चेंडू जमिनीवर ठेवला की शोधतच बसतो. हवेत धरला की लगेच लावतो.

खरारा

लाल बदला. घोड्याला निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल-हिरव्यात मात्र गोंधळ होतो. गवतावरचा लाल चेंडू त्याच्या दृष्टीने गवतातच मिसळतो. पांढरा, निळा किंवा झगझगीत पिवळा घ्या. (खाऊ द्यायला लागलात म्हणजे, असो.)

क्रम : नाकापासून १० सेमीवर धरा, तो हुंगेलच, त्याला खूण. पाच वेळा जमलं की डावीकडे-उजवीकडे वीतभर. मग खाली. मग एक पाऊल टाकावं लागेल इतकं दूर. लक्ष्य नाकावर नेऊन लावायचं नाही, नाक लक्ष्याकडे यायला हवं. आणि आवृत्त्यांच्या मधे लक्ष्य पाठीमागे लपवा, नाहीतर तो सतत चोची मारत राहतो आणि कुठली बरोबर, कुठली फुकट, हे त्याला कळत नाही.

दुडकी

शेवटचा प्रश्न. नालबंद आला की पाय देत नाही. पुढचे देतो, मागचे हिसकावतो. हे याच पद्धतीने?

पंचकल्याणी

हो, आणि नालबंद यायच्या किमान महिनाभर आधी. त्याच दिवशी शिकवू म्हटलं तर शिकवणारा तो असतो, आणि त्याला घाई असते.

मागच्या पायासाठी : पुठ्ठ्याला चिकटून, तोंड शेपटीकडे. हात पुठ्ठ्यावरून मांडीवरून खाली. पाय उचलू नका, नुसता हात टेकवा, खूण, हात काढा. दोन-तीन सत्रं एवढंच. मग घोट्यापाशी हलकं दाबा, टाच सुटली की खूण आणि पाय तिथेच सोडा. मग एक सेकंद धरा. इथे सगळ्यात महत्त्वाचं : पाय खाली ठेवायचा तो तुम्ही, त्याने हिसकावण्याआधी. हिसकावल्यावर सुटला तर हिसकावणं पक्कं. एक सेकंद जमतोय तर एकच सेकंद धरा. पुढचे आकडे सावकाश_चाल यांच्या पद्धतीने, तीस सेकंदांपर्यंत. तीस झाले की दुसऱ्या हाताने खुरावर हलकं ठोकायला सुरुवात, आणि ठोकताना सेकंद परत दोनवर आणा.

पाय बाजूला ओढू नका, पोटाखालीच ठेवा आणि खालीच धरा. बाजूला ओढलेला पाय कंबरेत दुखतो, म्हाताऱ्या घोड्याला तर फारच. कानशीचा आवाज वेगळा शिकवा, पाय जमिनीवर असताना.

दुडकी

एकाच मागच्या पायाला जास्त हिसके देतो, उजव्या.

रिकीब

मग आधी डावा पाय उचलल्यावर उजव्यावर भार घ्यायला कुरकुर करतो का ते बघा. आणि उजवा उचललेला असताना डाव्यावर. ज्या पायावर भार नको असतो, त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय घोडा देत नाही. म्हणजे उजवा हिसकावत असेल तर दुखणं डाव्या पायात असू शकतं. पशुवैद्याला दोन्ही दाखवा, आणि तोवर उजव्या पायाचा सराव थांबवा.